शिबिरं दिवाळीनंतर, मुली तेव्हा फडात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्य शिबिर घेतल्याच्या बातम्या तुमच्या जिल्हा पानावर वरचेवर येतात. हेतूबद्दल शंका नाही. पण आमच्याकडे ही शिबिरं होतात डिसेंबर-जानेवारीत. धारूर तालुक्यातल्या ज्या मुलींना त्यांची खरी गरज आहे, त्या तेव्हा आईबापाबरोबर ऊसतोडीला, साखर कारखान्यावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत असतात. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. शिबिरात बसतात त्या गावात राहिलेल्या, त्यातल्या त्यात सुस्थितीतल्या मुली.

मी गावात बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवते. पावसाळ्यात नववीतली एक मुलगी शिष्यवृत्ती जमा झाली का विचारायला आली. खातं तिचं, बोलत होता सोबतचा धाकटा भाऊ. म्हटलं, "तू बोल की गं, खातं तुझं हाय." आधार नंबर तिला तोंडपाठ होता, पण स्लिपवर अक्षरी रक्कम लिहायला हात धजेना. तेव्हापासून रविवारी दुपारी केंद्राच्या ओट्यावर मुली जमतात. स्लिप भरणं, एसटीचा फलक वाचणं, दवाखान्यात आपलं दुखणं आपण सांगणं, असं काहीबाही चालतं.

सगळ्यात रंगतो तो उचलीचा, म्हणजे ऊसतोडीसाठी आधीच घेतलेल्या रकमेचा हिशेब. दीड लाख उचल, टनाला 366 रुपये. म्हणजे साधारण 410 टन ऊस तोडायचा. एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायको दोघांची, दिवसाची तोड दोन टन धरली तरी दोनशेवर दिवस लागतात, आणि हंगाम चार-पाच महिन्यांचा. मधली खर्ची वेगळीच. एका मुलीनं हे वहीत मांडलं, बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "मंग ताईचं लगीन ह्याच्यापायीच लावलं का?" जोडी झाली की कोयता होतो, उचल मिळते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

'स्वतःवर विश्वास ठेवा' हे व्याख्यान आणि नंतर समोसा, यात हा हिशेब कुठे बसतो? शिबिरात मुलांच्या मदतीचा 1098 नंबर सांगतात, ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो हेही सांगतात. बरोबरच आहे. पण सख्ख्या बापाविरुद्ध चौदा वर्षांची पोरगी फोन लावेल का? आधी कुणातरी ओळखीच्या बाईजवळ बोलेल, आणि ती बाई गावात असायला हवी.

हे आपल्याच भागात करून दाखवलेलं आहे. पैठण तालुक्यात पाचोडच्या आरोग्य संस्थेनं नव्वदच्या दशकाअखेरीस गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना तयार करून वर्षभर संध्याकाळी तासभर वर्ग चालवले. काही वर्षांत तिथलं मुलींच्या लग्नाचं मध्यम वय 16 वरून 17 वर गेलं. एक वर्षच, म्हणाल. दहावीच्या मुलीला विचारा ते वर्ष केवढं असतं.

उलट केंद्र सरकारची किशोरवयीन मुलींसाठीची योजना 2022 पासून ईशान्येकडची राज्यं सोडली तर फक्त आकांक्षित, म्हणजे सरकारनं मागास म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांपुरती उरली. मराठवाड्यात असा जिल्हा एकच, धाराशिव. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) 20 ते 24 वयाच्या ज्या स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झाली, त्यांचं प्रमाण राज्यात 21.9 टक्के, बीडमध्ये 43.7 आणि परभणीत 48. आम्ही मात्र यादीबाहेर.

जिल्हा परिषदेनं आणि संस्थांनी वर्ग जूनमध्ये शाळेबरोबर सुरू करावेत, आठवड्याला एक, दसऱ्यापर्यंत. शिकवणारी गावातलीच असावी आणि तिला मानधन मिळावं. बॅनर-मंडपाचा खर्च तिकडे वळवला तरी बरंच भागेल. पुढचे महिने साखर कारखान्यांनी कोप्यांच्या तळावर संध्याकाळी तासभर जागा, दिवा आणि एक ताई द्यावी. गाळपाचं नियोजन करताना कोणती टोळी कुठे उतरणार हे त्यांना आधीच ठाऊक असतं.

आपली,
एक बँकमित्र, ता. धारूर, जि. बीड
(नाव-गाव सोबत कळवलं आहे, छापू नये.)