मंत्रिमहोदय, ती पाटी साहेबाने तोडली नव्हती

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

८ मार्चला आपल्या हस्ते आम्हा महिला कर्मचाऱ्यांचा सत्कार झाला. गुलाबाचं फूल मिळालं, आभारी आहे. मग ‘हिडन फिगर्स’ हा सिनेमा दाखवला. नासाच्या लँगली केंद्रातल्या कृष्णवर्णीय गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन फायली छातीशी धरून अर्धा मैल पळतात, कारण त्यांच्यासाठीचं शौचालय पार दुसऱ्या टोकाला. त्यांचे गोरे साहेब शौचालयावरची ‘कृष्णवर्णीय महिलांसाठी’ ही पाटी तोडतात तेव्हा आपण टाळ्या वाजवल्यात.

१२ तारखेला मला कारणे दाखवा नोटीस आली. ‘कार्यालयीन वेळेत वारंवार जागेवर आढळून येत नाहीत.’ तीन दिवसांत खुलासा हवा.

तर खुलासा असा. आमच्या मजल्यावरच्या महिला प्रसाधनगृहात मी रुजू झाले तेव्हापासून जुन्या नस्त्यांचे गठ्ठे आहेत. ‘महिन्याभरात खोली मोकळी होईल’ हा शब्द गेल्या महिला दिनी आपणच दिला होता. तो महिना अजून संपायचाय. आम्ही नऊ जणी रस्ता ओलांडून सशुल्क शौचालयात जातो. पुरुषांना तिथे मुतारी फुकट, आम्हाला ५ रुपये. जाऊन येऊन १४ मिनिटं, दिवसातून दोनदा. मी लेखा शाखेत आहे, हिशेब आपोआप होतो: ११ वर्षांत १,२०० तासांवर, म्हणजे कामाचे दीडशे दिवस मी नुसती चालले. वर २६ हजार रुपये (आधी २ रुपये होते, थोडं कमी भरेल). उन्हाळ्यात तर पाणीच पीत नाही. दोनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. दुसऱ्यांदा अंगात ताप घेऊन मार्चअखेरची बिलं काढली. गोपनीय अहवालात शेरा: ‘वक्तशीरपणा सर्वसाधारण’.

आणि तो टाळ्यांचा प्रसंग, साहेब, घडलेलाच नाही. तो अधिकारीही काल्पनिक. जॉन्सनबाई गोऱ्या बायांचं, पाटी नसलेलं शौचालय सरळ वापरत राहिल्या. शौचालय कुठे म्हणून विचारल्यावर हसं झालं ते त्यांच्या सहकारी मेरी जॅक्सन यांचं. लँगलीच्या उपाहारगृहात कृष्णवर्णीय बायांच्या टेबलावर वेगळी पाटी असायची. तिथेच काम करणाऱ्या मिरियम मान नावाच्या बाई ती उचलून पर्समध्ये टाकायच्या. नवी यायची, तीही पर्समध्ये. शेवटी यायची थांबली. केलं बायांनी, सिनेमात टाळ्या साहेबाला. १९५८ साली नासा स्थापन झाली तेव्हाच तिथली ही वेगळी व्यवस्था बंद झाली. आमचं साल कुठलं धरायचं?

आमच्याकडे पाटी नसते, हीच पंचाईत. सफाईवाल्या मावशींचा कप खिडकीत वेगळा असतो. कुठे लिहिलेलं नाही, पण तो कप चुकूनही कोणी उचलत नाही; मावशींचं आडनाव सगळ्यांना ठाऊक आहे. पर्समध्ये टाकायचं तरी काय? १९९४ साली महिला धोरण आलं, नोकरीत ३० टक्के जागा आल्या, बाया आल्या. त्यांना मूत्राशय असतं हे बहुधा पुढच्या धोरणात येईल. तक्रार करावी, तर अर्जावर शेरा मारणार तेच साहेब, ज्यांनी नोटीस काढली.

गठ्ठे हलवा, नळाला पाणी द्या, दाराला आतून कडी बसवा. मागणी एवढीच.

खुलाशाची मुदत उद्या संपते, म्हणून याच पत्राची प्रत तिथे जोडते आहे. आता साडेतीन झालेत. पुढची १४ मिनिटं मी जागेवर आढळून येणार नाही.

आपली,
लेखा शाखेतली एक वरिष्ठ लिपिक