वनमंत्र्यांना खुलं पत्र: पाऊस लागला की हरणांना वाली कोण?

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय: पावसाळ्यात होणारी सांबर, भेकर, चितळाची शिकार आणि त्याच दिवसात ढिली पडणारी गस्त

मंत्रीमहोदय, नमस्कार.

मृग तोंडावर आलाय म्हणून घाईने लिहितोय. हेच पत्र जुलैमध्ये लिहून काही उपयोग नाही, तेव्हा ओढे भरलेले असतात, रस्ते खचलेले असतात आणि रानात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

शिकार म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर उन्हाळा येतो, आटत आलेला पाणवठा आणि त्याच्यावर रात्री टपून बसलेला माणूस. खात्याची तयारीही त्याच हिशोबाने असते, एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यांवर लक्ष, बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून प्रगणना, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. ते चांगलंच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण सह्याद्रीच्या कडेला राहणाऱ्या कोणालाही खासगीत विचारा, तो सांगेल की सांबराची आणि भेकराची सागुती, म्हणजे मटण, घरी येते ती जास्त करून पावसात.

त्याचं कारण समजून घ्यायला कुठला मोठा अभ्यास लागत नाही. उन्हाळ्यात पाचोळा वाजतो, माणूस दहा पावलं टाकायच्या आत भेकर कुत्र्यासारखं भुंकून सगळं रान जागं करतं. पावसात पाचोळा भिजून मऊ होतो, वर पानांवरून टपटप चालू असते, त्या आवाजात जनावराला मागून कोण येतंय ते कळतच नाही, म्हणून ते बिचारं झाडी सोडून मोकळ्या सड्यावर, माळावर, कधी घाटरस्त्याच्या कडेला येऊन उभं राहतं आणि तिथं धुक्यात गाडी थांबवून बॅटरी मारली की ते जागच्या जागी थिजतं. ओल्या मातीत खूर स्वच्छ उमटतो त्यामुळे माग काढायला सोपं, आणि काम झालं की एक जोराची सर आली की रक्त, पायाचे ठसे, ओढत नेल्याची खूण सगळं धुऊन जातं. म्हणजे जो पाऊस शिकाऱ्याला माग दाखवतो तोच वनरक्षकासाठी पुरावा पुसून टाकतो. ठासणीची बंदूक या दिवसात दगा देते, दारू ओली होते, म्हणून काडतुसाची बंदूक नाहीतर सरळ फासा. आणि धो धो पावसात बार झाला तर शेजारच्या वाडीतसुद्धा ऐकू जात नाही.

फाशाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मंत्रालयात बसून त्याची कल्पना येणार नाही. मोटरसायकलच्या क्लचची किंवा ब्रेकची जुनी वायर असते, कुठल्याही गॅरेजच्या बाहेर पडलेली मिळते. तिचा सरकफास करतात, सांबराच्या रोजच्या वाटेवर कारवीच्या दोन झुडपांमधे डोक्याच्या उंचीला टांगतात आणि दुसरं टोक एखाद्या जाडजूड खोडाला गच्च बांधतात. वाट अरुंद व्हावी म्हणून दोन्ही बाजूला चार काटक्या खोचलेल्या असतात, त्याच खुणेवरून फासा शोधायचा असतो, पण पावसाळ्यात गवत आणि कारवी एवढी वाढते की हातभर अंतरावरून वायर दिसत नाही. जनावर अडकलं की पुढं जायला बघतं आणि जितकं ओढतं तितकी वायर आत रुतते. अशी जागा मी जवळून पाहिलीय. खोडाभोवती गोल रिंगण करून सगळा चिखल तुडवलेला होता, खोडाची साल खुरांनी सोलून निघालेली आणि वायरला राखाडी-तपकिरी राठ केस चिकटलेले. जनावर तिथं नव्हतं, ते कोणीतरी आधीच नेलं होतं. लावलेला प्रत्येक फासा शिकारी परत येऊन काढतो असंही नाही, पाऊस वाढला, ओढ्याला पूर आला तर तो फिरकतच नाही आणि अडकलेलं जनावर तिथंच तडफडून मरतं, कोणाच्या पोटात पण जात नाही.

आणि हेच दिवस सांबराच्या पाडसांचे. सांबराचा माज हिवाळ्यात, गाभण काळ साधारण आठ महिन्यांचा, म्हणजे पिल्लं येतात ती पावसाच्या सुरुवातीच्या आसपास. मादी पिल्लाला गवतात दडवून चरायला जाते आणि मधे मधे येऊन पाजते. ती फाशात गेली तर पिल्लू हाक न मारता तिथंच पडून राहतं, दोन-तीन दिवसात संपतं, आणि त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमधे होत नाही. नराची शिंगं या काळात मखमलीत असतात, नवीन फुटत असतात, तरी त्याला कोणी सोडत नाही कारण पावसातली शिकार शिंगासाठी नसतेच, मटणासाठी असते. काही ठिकाणी ते गावातल्या गावात वाटे घालून संपतं आणि काही ठिकाणी ठराविक लोकांना फोन करून पोचवलं जातं. गरिबाच्या घरात दोन वेळचं नाही म्हणून तो रानात जातो ही गोष्ट मी कितीतरी वर्षं ऐकतोय, पण चारचाकी गाडी, भारी बॅटरी आणि परवान्याची बंदूक घेऊन फिरणारा माणूस उपाशी नसतो साहेब.

कायदा कमी आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, कलम ९ शिकारीला बंदी घालतं, आणि शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही तर फासा लावणं, सापळा लावणं, तसा प्रयत्न करणंही येतं. २०२२ च्या दुरुस्तीने दंड वाढवला, साध्या गुन्ह्याला २५,००० चा १ लाखापर्यंत केला, अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिकार केली तर कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आहे. पण हे सगळं पकडल्यावरचं झालं. पकडायला रानात माणूस पाहिजे ना, आणि तिथंच खरं दुखणं आहे.

एक वनरक्षक, एक बीट (त्याच्या वाट्याचं गस्तीचं रान), आणि कोयना खोऱ्यातल्या नवजासारख्या ठिकाणी ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, जीप जिथं खचते तिथून पुढं पायीच. बहुतेक व्याघ्र प्रकल्पांचा कोअर भाग साधारण १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतो, म्हणजे जे गाईड, जिप्सीवाले आणि हौशी फोटोग्राफर एरवी नकळत राखणदारी करत होते तेसुद्धा नाहीत. ओलीने खराब होतात म्हणून कॅमेरा ट्रॅपही बऱ्याच ठिकाणी काढून ठेवतात. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण पावसाळ्यात खास गस्त घालायला सांगतं, ‘ऑपरेशन मान्सून’ नावाने ती होते, मोबाईलवर एम-स्ट्राईप्स या गस्तीच्या ॲपमधे फेऱ्या नोंदवल्या जातात, ज्या पोरांनी हे काम केलंय त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण हे व्याघ्र प्रकल्पाच्या आत. बाहेरचं प्रादेशिक विभागाचं रान, देवराया, मालकीची जंगलं, घाटाखालची डगरं, तिथं भेकर आणि पिसोरी (सगळ्यात छोटं हरीण) काही कमी नाहीत आणि तिथली पावसाळी गस्त बहुतेक कागदावरच. एका वनरक्षकाच्या पायातले बूट बघितले होते, तळ उसवलेला आणि सुतळीने बांधलेला, जळवा आत जाऊ नयेत म्हणून वर तंबाखूचं पाणी लावलेलं. रेनकोट त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेला. बरोबरच्या रोजंदारी वनमजुराचा पगार थकलेला. या दोघांनी रात्री बंदूकवाल्या टोळीला अडवावं अशी आपली अपेक्षा आहे.

विदर्भात हीच गोष्ट वेगळ्या रूपात आहे, तिथं वायरमधून करंट सोडतात. पेरणी झाली की पिकाभोवती तार, रात्री लाईनवर आकडा टाकायचा, सकाळी काढून घ्यायचा. नाव रानडुकराचं आणि रोह्याचं (नीलगायीचं), पण तार काही ओळख विचारून मारत नाही, चितळ मरतं, चितळामागे आलेला वाघ मरतो, आणि शेताच्या राखणीला आलेला माणूसही मरतो. ओल्या जमिनीत तर आणखीच वाईट. यात शेतकऱ्याला नुसतं गुन्हेगार ठरवून चालणार नाही हे मी मनापासून सांगतो, एका रात्रीत उभं पीक गेलेलं ज्याने बघितलंय त्याला उपदेश पचत नाही. सौर कुंपणाला अनुदान द्यायची योजना आपल्याच खात्याकडे आहे, श्यामाप्रसाद मुखर्जी यांच्या नावाची जन वन विकास योजना, २०१५ पासून. फक्त ते कुंपण पेरणीच्या आधी शेतात उभं राहिलं पाहिजे, पीक काढल्यावर मंजुरीचं पत्र येऊन काय करायचं? आणि महावितरणला सोबत घ्या, रात्री कुठल्या गावच्या फीडरवर फॉल्ट येतो, लाईन ट्रिप होते ही माहिती त्यांच्याकडे असते, ती त्याच रात्री रेंज ऑफिसला (वनपरिक्षेत्र कार्यालयाला) कळली तर तार सापडेल.

बंदुकांचं आपल्या एकट्याच्या हातात नाही, तो विषय गृहखात्याचा आणि जिल्हाधिकाऱ्यांचा, पण बोलणं तर होऊ शकतं. कोकणात शेती संरक्षणाचे परवाने घरोघरी आहेत आणि त्यातले कितीतरी खरंच माकड-डुकरांसाठी वापरले जातात. निवडणूक लागली की याच बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतात, म्हणजे प्रशासनाने मनात आणलं तर एकेक बंदूक कुठं आहे हे कळतं. मी जमा करा म्हणत नाही, भात पोटरीला आल्यावर शेतकऱ्याला ती लागेल. काडतुसांचा हिशोब तरी घ्या, किती घेतली, किती उडवली, कशावर उडवली.

ताडोबा-पेंचकडून सह्याद्रीत वाघ आणायचा कार्यक्रम सुरू आहे, आनंद आहे. पण सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० चा, इतक्या वर्षांत इथं वाघ का टिकले नाहीत याचं एक मोठं उत्तर भक्ष्य कमी हेच आहे. वाघाच्या गळ्यात कॉलर घालून त्याच्यामागे टीम फिरवायची आणि त्याच डोंगराच्या खालच्या अंगाला सांबराच्या वाटेवर क्लचच्या वायरी टांगलेल्या, हे दोन्ही एकाच वेळी कसं चालणार? वाघ उद्या डोंगर उतरून गावातली गुरं उचलायला लागला की परत आपणच पिंजरा लावणार.

मागणं फार नाही. बूट, रेनकोट, बॅटऱ्या आणि मजुरांचे थकलेले पैसे ७ जूनच्या आत रेंजपर्यंत पोचवा. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला प्रत्येक बीटमधे फासे शोधायची पायी फेरी ठेवा, प्रादेशिक विभागातसुद्धा, आणि गावातल्या ज्या पोरांना वाटा माहीत आहेत त्यांना मजुरी देऊन सोबत घ्या, त्यातले काही कालपर्यंत फासे लावणारे असतील, असू द्या, त्यांच्याइतकी वाट कोणाला कळत नाही. माहिती देणाऱ्याला बक्षीस द्यायची तरतूद कायद्यातच आहे, ती लोकांना सांगा आणि वेळेवर द्या, नाव फुटणार नाही याची काळजी घ्या, कारण गावात राहायचं असतं. १९२६ ही आपली हेल्पलाईन आहे पण घाटात मोबाईलला नेटवर्कच नसतं, तर निदान त्या त्या वनपालाचा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. घाटातल्या पोलीस नाकाबंदीत शनिवार-रविवारी रात्री एक वनकर्मचारी उभा करा, डिकी उघडून बघायला.

आणि हिवाळी अधिवेशनात या चार महिन्यांचा हिशोब सभागृहात ठेवा. कुठल्या रेंजमधे किती फासे निघाले, किती किलोमीटर पायी गस्त झाली, किती गुन्हे नोंदले आणि किती कोर्टात उभे राहिले. ज्या रेंजचा आकडा शून्य येईल तिथं पहिल्यांदा माणूस पाठवा.

आपला,
सह्याद्रीच्या पायथ्याला राहणारा एक नागरिक