हात हलवायचा, पण कशासाठी?

प्रिय नितीन,

पत्र मिळालं. ‘हात हलवून खेळायचे गेम म्हणजे निव्वळ नौटंकी’ हे तुझं मत निम्मं मलाही पटतं. उरलेल्या निम्म्यावर भांडायला हे लिहितोय.

निन्टेंडोचा वी हा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल २००६ साली आला आणि दहा कोटींच्या वर खपला. त्याच्या रिमोटला झटका कळायचा, पण मनगट नेमकं किती वळलं ते धड कळत नसे. मग कित्येक गेमवाल्यांनी काय केलं, तर बटणाच्या जागी झटका बसवला. ‘डाँकी काँग कंट्री रिटर्न्स’मध्ये लोळण घ्यायची तर रिमोट हलवा! दरीच्या काठावर, जिथे क्षणाचा हिशेब, तिथे ही हलवाहलवी जीव घेते. २०१३ मध्ये तोच गेम निन्टेंडोच्या थ्रीडीएस या हातातल्या कन्सोलवर आला तेव्हा लोळण मुकाट्याने बटणावर गेली.

पुढे रिमोटला जायरोस्कोपची, म्हणजे वळणं मोजणाऱ्या सेन्सरची, जोड मिळाली आणि २०११ च्या ‘स्कायवर्ड स्वोर्ड’ या गेममध्ये तलवार खरोखर मनगटाबरोबर फिरू लागली. शत्रू डावीकडे तलवार आडवी धरून उभा, की आपण उजवीकडून वार करायचा. कल्पना झकास. पण पडद्यावरची तलवार ढालीवर आपटून थांबते, आपला हात मात्र हवेत पुढे निघून जातो. इथेच सगळं फसतं, असं मला वाटतं.

आता ‘वी स्पोर्ट्स’मधलं बोलिंग आठव. ट्रिगर दाबून धरायचा, हात मागे न्यायचा, पुढे आणताना सोडायचा. चेंडू गेला. पुढे हाताला अडवणारं काही उरतच नाही, म्हणून खोटं वाटत नाही. चुकून हात मागे असतानाच सोडलास तर चेंडू मागच्या लोकांत जातो आणि ते दचकून उड्या मारतात! आजीआजोबांनाही हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. (मायक्रोसॉफ्टच्या कायनेक्टने, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्याने हालचाल ओळखणाऱ्या यंत्राने, हातातलं तेवढं बटणही काढून घेतलं, सोडायचं म्हणजे काय, हेच मग कळेना.)

आणि नेम धरण्याचं काय? तिथे तर मी ठामच आहे. कंट्रोलरवरच्या छोट्या काठीने ढोबळ वळायचं आणि शेवटचा केसभर फरक मनगटाने काढायचा. आपल्याकडची पोरं बीजीएमआय या मोबाइलवरच्या बंदुकांच्या गेममध्ये ‘जायरो ऑन’ करून फोन किंचित झुकवतात, बंदुकीचा झटका आवरतात. त्यांना कुणी नौटंकी म्हणत नाही. तूही म्हणणार नाहीस, कारण तुझा पुतण्या तुला त्यातच हरवतो.

तेव्हा तुझ्या निन्टेंडो स्विचवर ‘स्प्लाटून ३’ हा शाई उडवायचा नेमबाजीचा गेम लाव आणि मोशन, म्हणजे कंट्रोलर हलवून नेम धरणं, बंद करू नकोस. सेन्सिटिव्हिटी आधी कमी ठेव, नेम भरकटला की वाय बटण दाबून मध्यावर आण. पहिले दोन-तीन दिवस शिव्या देशील, त्या मलाच दे. नंतर तुझ्याकडे येईन तेव्हा समोरासमोर बसू. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
संजू