व्हिडिओनं वाचलेला तास पोरांनाच द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ब्लेंडेड लर्निंग, म्हणजे थोडं ऑनलाईन आणि थोडं वर्गात, यावर सध्या कॉलेजांमध्ये बऱ्याच मिटिंगा होतायत. बोलणारे दोनच प्रकारचे भेटतात, एक म्हणतात आता सगळं मोबाईलवरच येणार आणि दुसरे म्हणतात लॉकडाऊनमध्ये बघितलं की काय हाल झाले ते, परत नाव काढू नका. मी सांगलीतल्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला केमिस्ट्री शिकवतो, तासिका तत्त्वावर, आणि मला या दोघांचंही पटत नाही म्हणून हे पत्र.

लॉकडाऊनमध्ये जे झालं ते ब्लेंडेड नव्हतंच मुळात. नाईलाजानं सगळंच ऑनलाईन होतं, पोरं कॅमेरा बंद करून बसायची, प्रॅक्टिकलं तर कागदावरच झाली. ब्लेंडेड म्हणजे काय व्हायला पाहिजे ते मी टायट्रेशनच्या (एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून त्याचं प्रमाण काढायचं प्रॅक्टिकल) उदाहरणानं सांगतो कारण ते रोजचं आहे.

आधी काय व्हायचं, बॅचमधली वीस-बावीस पोरं एका टेबलाभोवती गोळा करायची आणि मी ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली खुणांची काचेची नळी, कसं धुवायचं, कसं भरायचं, खालच्या टोकातला हवेचा बुडबुडा कसा घालवायचा, डोळा द्रावणाच्या पातळीत आणून रीडिंग कसं घ्यायचं हे दाखवायचो. मागच्या पोरांना पुढच्यांची डोकीच दिसायची. अर्धा तास त्यात जायचा आणि नंतर तरी प्रत्येकजण येऊन विचारायचा सर आता काय करायचं. आता हेच आम्ही मोबाईलवर शूट केलंय, आमच्याच लॅबमध्ये, आमच्याच ब्युरेटवर, मराठीत, आठेक मिनिटांचं. आदल्या दिवशी ग्रुपवर टाकतो, तासगाव-कवठेमहांकाळकडून येणारी पोरं एसटीत बघून येतात, आणि लॅबमध्ये आल्याआल्या ब्युरेट हातात.

पण त्यापुढचं व्हिडिओत येत नाही. खाली फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड, वर ब्युरेटमध्ये कॉस्टिक सोडा, आणि रंग बदलून खूण देणारं इंडिकेटर फिनॉल्फ्थॅलीन. मुलगी म्हणते सर गुलाबी आलं, बघतो तर गडद गुलाबी, म्हणजे सोडा जास्त पडलेला. मग तिच्याशेजारी उभं राहून परत घ्यायला लावायचं, शेवटी शेवटी एकेक थेंब, फ्लास्क हलवत राहायचा, टोकाला लटकलेला अर्धा थेंब काचेला लावून वॉश बॉटलनं आत घ्यायचा, आणि जो फिकट गुलाबी रंग हलवूनही जात नाही, टिकतो, तोच एंड पॉईंट, म्हणजे थांबायची खूण. तो रंग मोबाईलच्या स्क्रीनवर नीट दिसतच नाही. एकदा स्वतःच्या हातानं आणला की मग ती चूक परत होत नाही. पूर्वी एवढा वेळ मला प्रत्येक टेबलाला देताच येत नव्हता, आता देता येतो, आणि तो वेळ व्हिडिओमुळं मिळाला.

माझं म्हणणं एवढंच आहे की व्हिडिओनं जो वेळ वाचतो तो वर्गातल्या पोरांना परत मिळाला पाहिजे. आणि खरी भीती हीच आहे की तो मिळणार नाही.

यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, मे २०२१ मध्ये ब्लेंडेड लर्निंगचा मसुदा काढला, त्यात एखाद्या कोर्सचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाईन शिकवायची मुभा होती. हा आकडा सगळ्यांच्या तोंडात बसलाय. पण मिटिंगमध्ये ४० टक्के ऑनलाईन म्हणलं की लगेच हिशोब सुरू होतो, मग तेवढे तास कमी करता येतील, तीन डिव्हिजनला एकच व्हिडिओ चालेल. राज्यात प्राध्यापकांच्या एवढ्या जागा रिकाम्या, आमच्यासारख्यांना तासावर पैसे, तास कमी झाला की मानधन गेलं. व्हिडिओ करायला, पोरांचे रात्रीचे मेसेज बघायला जो वेळ जातो तो कुठल्याच बिलात धरत नाहीत. माझ्या पोटाचा प्रश्न आहेच, तो मी लपवत नाही, पण नुकसान शेवटी पोरांचं होतं.

अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं २००९ साली यावरचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले होते. ऑनलाईन आणि वर्ग दोन्ही मिळून शिकलेली पोरं नुसत्या वर्गात शिकलेल्यांपेक्षा थोडी पुढं निघाली, पण अहवालातच लिहिलंय की या पोरांना बऱ्याचदा जास्तीचा वेळ आणि जास्तीचं साहित्य मिळालेलं होतं. म्हणजे फायदा स्क्रीनचा होता असं म्हणता येत नाही. २०१२ साली तिकडच्याच सहा सरकारी कॅम्पसवर संख्याशास्त्र शिकणाऱ्या ६०५ विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगाचा अहवाल आला, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून केलेला. एका गटाला आठवड्यात एकच तास समोरासमोर, बाकी कॉम्प्युटरवर, तरी निकालात फारसा फरक पडला नाही. तास कमी करा म्हणणारे हे उदाहरण देतील म्हणून आधीच सांगतो, तो कार्नेगी मेलन विद्यापीठानं तयार केलेला कोर्स होता, पायरीपायरीला प्रश्न विचारणारा, उत्तर चुकलं की तिथल्या तिथं का चुकलं ते सांगणारा. फळ्यासमोर मोबाईल धरून तासाभराचं लेक्चर रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलं तर ते त्याच्या जवळपासही जात नाही. २०१४ साली एडएक्स या ऑनलाईन कोर्सच्या वेबसाईटवरच्या कोर्सेसवर व्हिडिओ बघितल्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या होत्या, त्यात दिसलं की व्हिडिओ केवढाही लांब असला तरी साधारण सहा मिनिटांच्या पुढं टिकणारे कमीच.

अजून एक, भाषेचं. स्वयमवर, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाईन कोर्सच्या पोर्टलवर, चांगले कोर्स आहेत पण बहुतेक इंग्रजीत, आणि आमच्याकडं एफ.वाय.ला येणारी निम्मी पोरं मराठी माध्यमातली, ती तिथं दोन मिनिटांत गळतात. उलट स्वतःच्या सरांचा मराठी व्हिडिओ थांबवून, मागं नेऊन तीनदा बघता येतो. वर्गात तीनदा विचारायला लाजतात, विशेषतः मुली. आणि आपल्या भागात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका'ची वाट घालून दिली, आजही किती पोरं दुकानात, पंपावर काम करून शिकतात, त्यांना रात्री दहाला व्हिडिओ बघता येणं ही मोठी सोय आहे. ती काढून घेऊ नका. शिराळ्याच्या डोंगराकडं रेंज नसते, घरात एकच मोबाईल असतो हे खरंच, तिथं कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून पेनड्राईव्हवर द्या, रिकाम्या तासाला कॉम्प्युटर लॅब उघडी ठेवा, एवढं तर कुठलंही कॉलेज करू शकतं.

सांगली, सातारा आणि कोल्हापूर तिन्ही जिल्ह्यांतली बहुतेक कॉलेजं शिवाजी विद्यापीठाखाली येतात, म्हणून विद्यापीठाला आणि अभ्यास मंडळांना विनंती आहे की सिलॅबसमध्ये जेवढे तास ऑनलाईन दाखवाल त्या प्रत्येकासमोर लिहा की त्याबदल्यात वर्गात किंवा लॅबमध्ये काय होणार आणि किती पोरांच्या गटात होणार. व्हिडिओ करणं, शंका सोडवणं हे वर्कलोडमध्ये धरा, तासिकावाल्यांनाही. आणि हे टाईमटेबलवर छापून नोटीस बोर्डाला लावा, म्हणजे आपला तास कुठं गेला हे पोरांना स्वतःच विचारता येईल.

आपला,
तासिका तत्त्वावरील एक प्राध्यापक, सांगली
(नाव छापू नये ही विनंती)