वरनं अडकतंय का खालनं?

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

सख्ख्या नात्याला ‘तीर्थरूप’ आणि बाकीच्या वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’ असं शाळेत शिकवलं होतं, म्हणून तसं लिहिलंय. पत्र असं चारचौघांत लिहिल्याचा तुम्हाला राग येणार, हे माहीत आहे. पण समोर आभार मानायला गेलो की तुम्ही “ते थँक्यू गोऱ्यांना म्हण” असं म्हणून अर्ध्या इंचाचा पाना मागता. इथे पाना मागायची सोय नाही, त्यामुळे आता ऐकावं लागेल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाडी 1965 ची फोर्ड मस्टँग, उघड्या टपाची. रंग मुळात पांढरा, फोर्डच्या भाषेत ‘विम्बल्डन व्हाइट’. आमच्याकडे येईपर्यंत तो चहात पडलेल्या दुधासारखा झाला होता. ओहायोतल्या एका गोठ्यातून साडेसहा हजार डॉलरला उचलली. इथे मिशिगनमध्ये, मराठी मंडळात कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: “व्ही-एट का?” म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. नाही हो. साधं सहा सिलिंडरचं इंजिन, 200 क्युबिक इंच, 120 हॉर्सपॉवर. सहा सिलिंडरवालीच्या चाकाला चारच नट असतात, व्ही-एटला पाच. त्यामुळे जाणकार माणूस लांबूनच नट मोजतो आणि तोंड वाकडं करतो. ते मला चालतं. साताऱ्याच्या घरी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या चित्रातल्या गाडीची चाकं दिसत नव्हती.

आता त्या दुकानाबद्दल. नाव घेत नाही, कारण नाव घेण्याइतकीही त्यांची आठवण ठेवायची नाही. ‘जुन्या गाड्यांचे तज्ज्ञ’ अशी पाटी होती. चार हजार डॉलर आगाऊ घेतले, गाडी अकरा महिने ठेवली. फोन केला की “पुढच्या आठवड्यात”. अकराव्या महिन्यात निरोप आला: बॉडीच गेलेली आहे, दारं लागत नाहीत, आणखी अडतीस हजार टाका, नाहीतर भंगारात द्या. मी बघायला गेलो तेव्हा कळलं की त्यांनी खालचा सगळा सडका पत्रा एका झटक्यात कापून टाकलाय, कुठेही आधार न देता. दारांखालच्या काठाच्या पट्ट्यांवर तर पत्र्याऐवजी बोटभर जाड लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. गाडी ट्रकवरून घरी आली. सुटे भाग कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत होते, आणि सगळे नट-बोल्ट, दाराचे, बॉनेटचे, टपाचे, एकाच पाच गॅलनच्या बादलीत ओतून दिले होते. ती बादली लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

मग शहाण्यांची रांग लागली. एकजण म्हणाला, या पैशात नवी इलेक्ट्रिक आली असती. एकाने गाडीभोवती फेरी मारली, फोटो काढले आणि फोटो बघून हसला. हसला ते ठीक; मीही हसलो असतो. पण दार का लागत नाही, हे एकाने विचारलं नाही. त्यात दोघे तर मोटार कंपन्यांतच नोकरीला होते.

आणि मग दिवाळीच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, मी कुणाला तरी हीच रडकथा सांगत होतो. तुम्ही माझ्या पुढे उभे होतात. आपली ओळख नव्हती. हातात ताट, त्यात पुरी आणि श्रीखंड. “दार लागत नाही” एवढं कानावर पडलं तसे मागे वळलात आणि विचारलंत, “वरनं अडकतंय का खालनं?”

काका, दीड वर्षात मला कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. बाकी सगळ्यांनी उत्तरं दिली होती.

वरून अडकत होतं. वरच्या फटीत व्हिजिटिंग कार्ड जात नव्हतं आणि खालच्या फटीत बोट जात होतं. तुम्ही पुरीचा तुकडा मोडत मान हलवलीत. “मधनं बसलीय ती. उचलता येईल की.” मग ताटावरची पुरी दोन्ही टोकांना धरून मध्ये वाकवून दाखवलीत. छप्पर नसलेली गाडी म्हणजे झाकण नसलेला खोका, म्हणून तर कारखान्याने या गाड्यांना काठांच्या आतून जादा जाड पत्रा दिलेला. तोच गंजला, वर तळही कापला, मग ती उभी कशाच्या जोरावर राहणार? हे सगळं त्या पुरीत मला कळलं. पुरी नंतर तुम्ही खाल्लीत.

शनिवारी सकाळी नऊला तुम्ही आलात. ऐंशीला टेकलेले, गुडघ्याला पट्टा, एका हातात काकूंनी दिलेला स्टीलचा डबा, कोटाच्या खिशात ओळंबा आणि खडू. मी मुद्दाम गॅरेजचा दिवा लावला नव्हता, लाज वाटत होती. दिवा लावलात तुम्ही. गाडीला तळ नाही, सीट नाहीत, समोर फक्त स्टीअरिंग, आणि आत बघितलं तर सरळ गॅरेजची फरशी. मी सुरू झालो: हे बघा, त्यांनी इथे कापलं, तिथे कापलं. तुम्ही माझ्याकडे लक्षच दिलं नाही. कोपऱ्यातली ती बादली बघितलीत, जुनी चादर मागितलीत, सगळे नट-बोल्ट चादरीवर ओतलेत. रिकामी बादली उलटी करून गाडीच्या आत, ड्रायव्हरची सीट असायची तिथे फरशीवर ठेवलीत, आणि दार उघडून, गुडघा सांभाळत, शिस्तीत आत जाऊन तिच्यावर बसलात. पाय सिमेंटवर, हात स्टीअरिंगवर. आरसा नव्हता, तरी आरसा असतो त्या जागेकडे बघून केस नीट केलेत.

माझी लेक दारात उभी होती, सात वर्षांची. तिला म्हणालात, “बस की गं शेजारी. कुठं जायचं बोल.”

ती म्हणाली, “आइस्क्रीम.”

“मग पट्टा लाव,” म्हणालात. पट्टाही नव्हता. तिने हवेतच लावला.

काका, माझं सगळं पत्र एवढ्यासाठीच आहे. नंतर तुम्ही केलंत ते काम मोठं होतं आणि त्याचं मोल मला कळतं. पण त्या दिवशी सकाळपर्यंत मी मनातल्या मनात भंगारवाल्याशी भाव करत होतो. दोन वर्षं ती वस्तू आमच्या घरात ‘ते प्रकरण’ होती. बायको तिला ‘तुझं ते’ म्हणायची. तुम्ही उलट्या बादलीवर बसलात आणि ती परत गाडी झाली. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेलो होतो ना, पाच मिनिटं आलो नाही? पाणी नळालाच होतं.

कामाची सगळी हकीकत सांगत बसत नाही. ज्यांना हवी त्यांनी चहाला यावं. पण दोन-तीन गोष्टी राहवत नाहीत. पहिल्या दिवशी कापायचं नाही, जोडायचंही नाही, नुसतं मोजायचं, हा तुमचा हुकूम. सांगाड्यावरच्या खुणांवरून ओळंबा सोडून फरशीवर खडूने केलेल्या फुल्या अजून आहेत. बायकोने गॅरेज धुतलं तेव्हा तेवढा भाग सोडून धुतला. मग दोन्ही बाजूंना आतून आडव्या सळ्या, मधे घट्ट-सैल करायची फिरकी, आणि काठाखाली फळी ठेवून जॅक. एका संध्याकाळी जॅकचा पाव फेरा, बस. बाकी वेळ चहा. फट मोजायला तुम्ही तीन पेन्या, म्हणजे इथली एका सेंटची नाणी, एकावर एक ठेवून चिकटपट्टीने बांधल्यात: जाडी साडेचार मिलिमीटरच्या जरा वर, दाराच्या फटीला हवी तेवढी. दुकानात याचं माप तीस डॉलरला मिळतं. आपलं तीन सेंटांत झालं. आता तर टांकसाळीने रोजच्या वापराच्या पेन्या पाडणंच थांबवलंय, त्यामुळे हे हत्यार मी जपून ठेवलंय.

वेल्डिंगचा माझा पहिला पट्टा म्हणजे चाळणी. तुम्ही वेल्डिंगची टॉर्च काढून घ्याल असं वाटलं होतं; घेतली नाहीत. “शिवण घालू नको, टाके घाल. एक इथं, एक तिकडं. पत्रा तापला की रुसतो.” कोल्हापुरात उद्यमनगरात चौदाव्या वर्षी तुम्हाला ज्या मिस्त्रींनी शिकवलं, त्यांनीही असंच हातात दिलं आणि पाठ फिरवून उभे राहिले, असं तुम्ही सांगितलंत. मला येत नाही हे बघून पाठ फिरवणारे मला पुष्कळ भेटलेत. मला यावं म्हणून पाठ फिरवलीत ती तुम्हीच.

तांब्याचा प्रसंगही लिहितोच. पुढच्या काचेखालच्या जाळीतून तुम्ही तांब्याभर पाणी ओतलंत आणि लेकीला बॅटरी देऊन खाली झोपवलंत. पाणी तिच्या कपाळावर पडलं. या गाड्यांचा तो जुनाच रोग: जाळीखालची पन्हाळ गंजते, पावसाचं पाणी थेट पायाशी, आणि मग तळाला वरून पाणी, खालून मिशिगनच्या रस्त्यावरचं मीठ. डेट्रॉइटच्या पोटात हजार फुटांखाली मिठाचीच खाण आहे, तेव्हा कोणाला बोल लावणार? नवा तळ टाकून वरची गळती तशीच ठेवली असती तर पाच वर्षांत पुन्हा तेच. त्या जाळीचे वेल्डचे ठिपके फोडताना मी आकडा मोजायचं सोडून दिलं.

आणि पैसे. गाडीच्या किमतीशिवाय आतापर्यंत नऊ हजार सातशे डॉलर लागलेत, त्यातले चार हजार त्या दुकानाच्या घशात. तुम्ही मला प्रत्येक ठिकाणी वाचवायला शिकवलंत, एक जागा सोडून. या सालच्या मस्टँगला ब्रेकच्या तेलाचा एकच कप्पा असतो. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन कप्प्यांचा 1967 पासून आला. मी म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. तेव्हा पहिल्यांदा आवाज चढला तुमचा: “पैसे वाचवायचे तर रंगात वाचव. पोरगी मागं बसणाराय.” म्हणून डावा मडगार्ड अजून प्रायमरच्या राखाडी रंगात आहे. नव्या टपाला मागच्या काचेपाशी एक चूण राहिलीय, ती आपल्या दोघांच्या भांडणाची. तुम्ही म्हणत होतात उन्हात ठेवून ताण, मी ऐकलं नाही. बरोबर तुम्हीच होतात.

जाण्या-येण्याचं पेट्रोलसुद्धा कधी घेतलं नाहीत. एकदा पाकीट डब्याखाली लपवून दिलं, तर पुढच्या शनिवारी त्याच पाकिटातून वेल्डिंगची तार आणलीत आणि उरलेली मोड मोजून परत केलीत. मला वाटतं सज्जन माणसं मोठमोठं काही करत नसतात. ती हिशोब ठेवतात, पण तो कधी तुमच्या नावावर मांडत नाहीत. या देशात पन्नासेक वर्षं काढलेली आपली माणसं कडवट झालेलीही मी पाहिलीत, नव्याने आलेल्याला ‘तुमचं काय, आयतं’ म्हणून सुनावणारी. तुम्ही 1970 मध्ये आलात, फोर्डच्या रूज कारखान्यात डायच्या, म्हणजे साच्यांच्या, कामावर लागलात, सुरुवातीला कुणी तुमच्या टेबलावर डबा उघडू देत नव्हतं, हे मला तुमच्याकडून नाही, काकूंकडून कळलं. आणि तेही तुम्ही बाहेर हात धूत होतात तेव्हा.

मागच्या रविवारी टप उघडून आपण मिशिगन अव्हेन्यूने डिअरबर्नला गेलो. तुम्ही शेजारी, मागे लेक, पट्टा लावून, या वेळी खराखुरा. हेन्री फोर्ड म्युझियमवरून जाताना तिला तुम्ही कॅप्टन टकरची गोष्ट सांगितलीत: पहिल्या नंबरची मस्टँग, तीही पांढरी, तीही उघड्या टपाची, न्यूफाउंडलंडमध्ये चुकून एका वैमानिकाला विकली गेली, परत मिळवायला फोर्डला त्याला नवीकोरी मस्टँग द्यावी लागली. ती आता आत म्युझियममध्ये उभी आहे. “तिला ऊन लागत नाही बिचारीला,” म्हणालात.

मग म्हणालात, मिलर रोडला घे. रूजच्या गेटासमोर थांबलो. याच आवारात ही गाडी जुळली होती, तुम्ही इथे पोचण्याच्या पाच वर्षं आधी. 2004 च्या मे महिन्यात इथली शेवटची मस्टँग बाहेर पडली आणि त्याच वर्षी तुम्ही निवृत्त झालात. उतरून तुम्ही कुंपणापाशी गेलात, मागे हात बांधून उभे राहिलात. किती वेळ ते मी बघितलं नाही. परत आलात, आत बसलात, आणि दार एका बोटाने ओढलंत. टक्.

मागून लेक म्हणाली, “आजोबा, आइस्क्रीम.”

आपला,
पाना शोधणारा

ता. क. काकूंचे दोन डबे आमच्याकडे राहिलेत. बादलीही राहिलीय, तिच्यावर लेकीने तुमचं नाव लिहिलंय, त्यामुळे ती आता कुणाला मिळणार नाही.