‘लॉयल्टी’ मालवाहू नव्हते

संपादक महोदय,

राष्ट्रीय सागरी दिनाच्या लेखात ‘लॉयल्टी’ जहाज आणि ग्वाल्हेरचे नाते आले, बरे वाटले. पण छायाचित्राखाली ‘मालवाहू’ असे छापले आहे आणि युद्धात प्रवासी जहाजाच्या खोल्या मोडल्या की मालवाहू जहाज तयार होते, असेही लिहिले आहे. खोल्या मोडणे हे तर सर्वांत सोपे काम.

खरी अडचण डेकची, म्हणजे जहाजाच्या मजल्यांची. चौरस मीटरला चार माणसे दाटीने उभी केली तरी भार तीनशे किलोच्या आत. तिथेच सिमेंटच्या गोण्यांची दीड मीटर थप्पी लावली की दोन टन. खाली खांब द्यावे लागतात, आणि तेही एकाखाली एक थेट तळापर्यंत. नाहीतर वाक फक्त एक मजला खाली सरकतो.

मग माल आत उतरवायचा कुठून? जिने आणि दारे भरपूर, पण क्रेनने उचललेली पेटी तळापर्यंत जाईल असे हॅच, म्हणजे डेकमधले माल उतरवायचे मोठे तोंड, मधल्या भागात नसते. डेक कापावा, तर जहाजाचा कणाच कमजोर होतो. कापलेल्या जागेभोवती जाड पत्रा लागतो आणि कोपरे गोल ठेवावे लागतात. चौकोनी कोपऱ्यातून तडा कसा धावतो, हे दुसऱ्या महायुद्धात लिबर्टी जहाजांवर दिसले, आणि ती तर मालासाठीच बांधलेली! सोयीसाठी पाणबंद आडभिंतींना मात्र भोके पाडू नयेत. एका खणातले पाणी पुढच्यात गेले की संपले.

तोलाचे गणितही बदलते. वरच्या मजल्यांवरचे लाकूडसामान निघाले आणि तळात पोलाद भरले, तर जहाज फार ताठ होते. झटक्याने डोलते, माल बांधलेल्या साखळ्या तुटतात, माल सरकतो. उलट जड माल वर ठेवला, तर संथ कलते आणि सावरायला उशीर करते. दोन भाग तळात, एक भाग मधल्या डेकवर, हा जुना ठोकताळा. पण त्यावर विसंबू नये. काम संपल्यावर गोदीत ठरावीक वजने एका बाजूकडून दुसरीकडे हलवून, लंबकाने कल मोजून चाचणी पुन्हा घ्यायलाच हवी. तोलाचे जुने तक्ते तेव्हा रद्दीत जमा.

म्हणूनच प्रवासी जहाजे युद्धात बहुधा माणसांसाठीच वापरली जातात. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ‘क्वीन एलिझाबेथ २’ (क्यूई-२) या प्रवासी जहाजावर ब्रिटिश सैनिक गेले, हेलिकॉप्टरे न्यायला ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे कंटेनर जहाज घेतले. आपल्या ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांच्या पुढाकाराने १९१४ मध्ये विकत घेतलेली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ही ‘लॉयल्टी’ नावाने रुग्णालय-जहाजच झाली: खोल्या, स्वयंपाकघर, हवा, पाणी आधीच होते. पुढे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने घेतल्यावर हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले, तेही प्रवासी घेऊन.

तेवढी छायाचित्राखालची ओळ दुरुस्त करावी.

एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर