आखूड दोरा

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, तत्त्वज्ञान म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग. त्यावाचून कुणाचं काय अडतं?" मी हसून सोडून दिलं. पण माझं एकदा अडलं होतं, ते तुला कधी सांगितलं नाही.

आजीच्या शेवटच्या दिवसांत तू परीक्षेमुळे इथे नव्हतास. रात्री दीडच्या सुमारास डॉक्टरांनी माझ्या हातात फॉर्म दिला. व्हेंटिलेटर लावायचा की नाही. पेन पॅडला दोऱ्याने बांधलेलं, आणि दोरा इतका आखूड की सहीसाठी वाकावं लागे. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं: फुप्फुसांचं काम किती उरलंय, सुधारण्याची आशा किती, मशीनवर किती दिवस निघतील. त्यात काही खोट नव्हती. पण काय करावं, हे त्यातला एकही आकडा सांगत नव्हता.

मामा म्हणाला, "जमेल ते सगळं करायचं, आईच्या भल्यासाठी." मी म्हणाले, "आता हाल नकोत, तिच्याच भल्यासाठी." शब्द एकच, आणि त्यावरून आम्ही कॉरिडॉरमध्ये भांडलो.

डेव्हिड ह्यूम नावाच्या तत्त्वज्ञाने १७४० साली नेमकं यावर बोट ठेवलं होतं: लोक 'असं आहे, तसं आहे' सांगत येतात आणि नकळत 'असं करायला हवं' म्हणू लागतात, मधली पायरी कुणी दाखवत नाही. हे मी फार नंतर वाचलं. वाचताना तो दोरा डोळ्यांपुढे आला.

आमचं भांडण थांबवलं ते ड्यूटीवरच्या एका तरुण डॉक्टरने. "त्यांना स्वतःला काय चाललं असतं?" एवढंच तिने विचारलं. आम्ही गप्प. भलं कशात ते ठरवायचा हक्क कुणाचा, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग आठवलं, हात मोडला होता तेव्हासुद्धा आजी एका हाताने कसाबसा अंबाडा घालायची, कुणाला केसांना हात लावू द्यायची नाही. मामा रडला. आम्ही नकार लिहून दिला.

(आणि हो, तुझ्या प्रोग्रॅममधलं 'बूलियन', म्हणजे ते 'खरं की खोटं', ज्याच्या नावावरून आलं, तो गणितज्ञ जॉर्ज बूल १८५४ साली विचारांचे नियम मांडत होता, कॉम्प्युटर बनवत नव्हता. रिकामटेकडाच म्हण!)

एक मात्र अजून सुटलेलं नाही. त्या आठवड्यात मी धड झोपले नव्हते. आईची इच्छा म्हणून मी जे पुढे केलं, त्यात माझा थकवा किती होता? मामाला हे विचारवत नाही. तू आलास की बोलू.

तुझी,
आई